विचारा की! शनिवारची पोरं आणि गुरुवारचे आजोबा

मागच्या अंकात मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या की बेळगावात आमचं एक छोटं केंद्र आहे, गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर अशा सगळ्यांसाठी, आणि तिथं फक्त तरुण पोरंच नाहीत तर साठी ओलांडलेलेही येतात. झालं, संपादकांच्या टेबलावर पत्रं आणि माझ्या फोनवर मेसेज. म्हणून ह्यावेळी सदरात दुसरा कुठलाच विषय नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन खोल्या, खाली शिवणक्लास, वर आम्ही. शनिवारी संध्याकाळी तरुण, गुरुवारी दुपारी वयस्कर. एक काउन्सेलर बाई येतात, एक वकील अधूनमधून येतो, आणि मी बँकेतून रिटायर झालेली, फॉर्म भरायला आणि चहा करायला. मी डॉक्टर नाही, त्यामुळं जे सांगते ते अनुभवाचं. पत्र लिहिणाऱ्यांची नावं काढलीत, एकदोन गावंही बदललीत.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, बेळगावात रूम करून पीयूसी सेकंड इयरला म्हणजे बारावीला आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याचा मोबाईल चार्जिंगला लावताना एका मुलाबरोबरचे मेसेज दिसले. विचारलं तर रडला आणि म्हणाला, आई मी असाच आहे. त्याच्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. जाऊबाई म्हणतात एक डॉक्टर आहे, इंजेक्शन देऊन बरं करतो. तुमच्या केंद्रात पाठवला तर अजून बिघडेल का? (एक आई, खानापूर तालुका)

ताई, तो थाप मारू शकला असता. मित्राची मस्करी चालली होती म्हणून सुटला असता, ह्या वयातली पोरं ह्याच्यापेक्षा साध्या गोष्टींवर खोटं बोलतात की. पण तुम्हाला खरं सांगितलं. म्हणजे घरात त्याला विश्वासाचं एक तरी माणूस आहे आणि ते तुम्ही आहात. तेवढं सांभाळा, बाकीचं सावकाश बघू.

इंजेक्शनचं म्हणाल तर पैसेही जातील आणि पोरगाही दुरावेल. जो आजारच नाही तो बरा काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ मध्ये हा आजार नाही म्हणून जाहीर सांगितलं, आणि २०२२ मध्ये तर नॅशनल मेडिकल कमिशननं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की अशी माणसं 'बदलून देतो' म्हणणारी थेरपी हे डॉक्टरचं गैरवर्तन समजलं जाईल. म्हणजे जाऊबाईंचा तो डॉक्टर जे विकतोय त्याच्यावर उलट तक्रार होऊ शकते. हे जाऊबाईंना सांगा, पण भांडून नको, त्यांना तुमची काळजीच आहे, फक्त माहिती चुकीची आहे.

आता बिघडेल का ते. शनिवारी काय चालतं सांगते. सतरंजी असते, एक कॅरम आहे ज्याची राणी हरवलीय म्हणून लाल बटण वापरतात, कोपऱ्यात कुणीतरी सीईटीची पुस्तकं घेऊन बसलेला असतो कारण रूमवर अभ्यास होत नाही. पहिला अर्धा तास सगळे मोबाईलमध्ये. मग कुणीतरी हळूच म्हणतं की घरात स्थळं बघायला लागलेत, आणि मग सगळेच बोलायला लागतात, मराठीत कन्नडात मिसळून, एकदा बोलायला लागले की थांबतच नाहीत आणि आम्हाला लाईट बंद करून हाकलावं लागतं. ह्यात बिघडण्यासारखं मला तरी आजवर काही दिसलं नाही. बघितलंय ते एवढंच की जो पोरगा पहिल्या दिवशी दाराकडं तोंड करून बसला होता तो तिसऱ्या महिन्यात दुसऱ्याला गणित शिकवत होता.

पण तुमचा मुलगा १८ पूर्ण नाही, त्यामुळं शनिवारच्या ग्रुपमध्ये त्याला आम्ही बसवणार नाही, हा आमचा नियम आहे आणि तो मोडत नाही. तो काउन्सेलर बाईंना भेटू शकतो, दार उघडं ठेवून, घरच्या एका मोठ्या माणसाला माहीत असताना. ते मोठं माणूस तुम्ही आहातच. आणि त्याला एक स्पष्ट सांगा की डेटिंगची ॲप आत्ता मोबाईलमध्ये नकोत, तिथं वय खोटं सांगून पोरं जातात आणि समोर कोण बसलंय कळत नाही.

बाबांना सांगायची घाई नको, परीक्षेच्या तोंडावर तर नकोच. आणि सांगायचं की नाही, कधी, हे त्याला ठरवू द्या, तुम्ही परस्पर सांगू नका. कायद्याची भीती घालणारे भेटतील, त्यांना सांगा की सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ लाच निकाल दिलाय, दोन सज्ञान माणसांनी एकमेकांच्या मर्जीनं ठेवलेला संबंध आता जुन्या ३७७ कलमाखालचा गुन्हा राहिलेला नाही. आणि हो, तो गप्पगप्प राहायला लागला, जेवण टाकलं, मी नसतो तर बरं झालं असतं असलं काही बोलला तर पुढच्या शनिवारची वाट बघू नका. टेली-मानस, १४४१६, सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तुम्हीही लावू शकता, फक्त त्यानंच लावावा असं नाही.

महिन्यातून एकदा रविवारी तीनचार आया भेटतात आमच्याकडं. त्यातल्या एक वडगावच्या, त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या की मी फक्त ऐकायला आलेय. आता त्याच पोहे करून आणतात. तुम्ही पण नुसतं ऐकायला या.

प्रश्न : वय ६९. निपाणीला तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होतो. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा सून पुण्यात. माझा एक मित्र होता, संकेश्वरचा, चाळीस वर्षांची सोबत, काय ते तुम्ही समजून घ्या. गेल्या वर्षी तो वारला. मयतीला मी मागच्या रांगेत उभा होतो. तुमचं सगळं तरुणांचं दिसतंय, आमच्यासारख्यांनी कुठं जायचं? (निपाणी)

दादा, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ दुसरं पत्र उघडलं नाही.

गुरुवार तुमच्यासाठीच आहे. सातआठ जण येतात, बहुतेक पुरुष, दोन बायका आहेत ज्या बहिणी म्हणून एकत्र राहतात आणि शेजारी तसंच समजतात, एक जोगप्पा आहेत, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या. एक रिटायर्ड नर्स बीपी आणि शुगर बघतात, मग चहा, मग पेपर, मग राजकारण, त्यावरून भांडण, सीमाप्रश्नावर तर दर गुरुवारी. खरं बोलणं शेवटच्या पंधरा मिनिटात होतं, चपला घालताना. तुमच्या पिढीचं तसंच आहे, उंबऱ्यात आल्याशिवाय मनातलं बाहेर पडत नाही.

त्या ग्रुपची एक वही आहे. दुकानदार वापरतात तसली लाल कापडी बांधणीची लांब वही. तुमच्यासारखंच ज्यांना सुतक धरता आलं नाही, दहाव्याला जाता आलं नाही, त्यांनी त्यात आपल्या माणसाचं नाव, गाव आणि तारीख लिहायची, वाटलं तर एक ओळ. एकानं फक्त 'भजी फार आवडायची' एवढंच लिहिलंय. ती तारीख आली की त्या आठवड्यात सगळे मिळून काहीतरी खायला आणतात, त्या माणसासाठी गणपत गल्लीतून भजी येतात. वही ज्यांनी सुरू केली त्यांचा हात आता थरथरतो, अक्षर लागत नाही. तुम्ही हिशेबनीस होता, म्हणजे अक्षर चांगलं असणार. या, आधी तुमची नोंद करा, मग पुढच्या नोंदी तुमच्याकडं.

निपाणीहून तुम्हाला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब, हे माहीत आहे मला, दर गुरुवारी जमणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांना आमच्यातला एकजण रविवारी सकाळी फोन करतो, दहा मिनिटं, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. त्याच्याशिवाय १४५६७ ही वयस्करांसाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, पेन्शन, दवाखाना, घरच्यांचा त्रास असं काहीही असलं तर ती वापरा.

दोन गोष्टी बँकवाली म्हणून सांगते, तुमच्या मित्राच्या बाबतीत वेळ गेली पण वाचणाऱ्यांत अजून जोड्या आहेत. आपल्याकडं दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला मान्यता नाही, सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते संसदेवर सोडलं. पण म्हणून हात बांधलेले नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थखात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना जॉइंट खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी ठेवायला काही बंधन नाही. काउंटरवर कुणी 'नातं काय' म्हणून अडवलं तर हे सांगा, आवाज न चढवता. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, ही गल्लत लोक नेहमी करतात, नॉमिनीच्या हातात पैसे येतात पण पुढं वारसदार हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर केलं तर उत्तम पण सक्ती नाही. साक्षीदार शक्यतो तुमच्यापेक्षा वयानं लहान घ्या, हे मी अनुभवानं सांगतेय.

आणि एकटे असताना मोबाईलवर कुणी फार गोड बोलायला लागलं, व्हिडिओ कॉल करून मग पैसे मागायला लागलं तर लाजून पैसे भरत बसू नका. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरला लगेच फोन. आमच्या गुरुवारातल्या एकानं सहा महिने गप्प राहून पेन्शनमधले पैसे दिले होते. त्यांना पैसे मागणाऱ्यापेक्षा आपल्या मुलाला कळेल ह्याची भीती जास्त होती.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, मला मुली आवडतात. तुमच्याकडे यायचं आहे पण आमच्या गल्लीतल्या कुणी बघितलं तर? बेळगाव केवढं आहे तुम्हाला माहीत आहे. (शहापूर)

माहीत आहे बाळा, खडेबाजारात शिंकलं तर टिळकवाडीत कळतं. म्हणूनच दारावर आमची पाटी नाही, जिना शिवणक्लासचाच आहे आणि तुझ्या वयाच्या मुली दिवसभर त्यावरून वरखाली करत असतात. वर आल्यावर नाव सांगायची सक्ती नाही, जे नाव आवडतं ते सांग. फोटो कुणी काढत नाही, मोबाईल टोपलीत ठेवतात.

आणि आम्ही घरी फोन करत नाही. हा नियम माझ्याच चुकीतून आलाय, म्हणून लिहिते. सुरुवातीच्या वर्षी एक मुलगा तीन शनिवार आला नाही, मला काळजी वाटली, रजिस्टरमध्ये नंबर होता, लावला. तो नंबर त्याच्या वडिलांचा निघाला. कुठून बोलताय विचारल्यावर मी गडबडले, क्लासमधून म्हणाले, कसला क्लास ते सांगता आलं नाही. पुढचं लिहित नाही. मुलगा सुखरूप आहे, दुसऱ्या गावी आहे, पण आमच्याकडं परत आला नाही आणि मला त्याला दोष देता येत नाही. त्या दिवशी रजिस्टर फाडलं. आता तूच मेसेज करायचा, तू सांगशील त्या वेळेला, तू सांगशील त्या नावानं उत्तर येईल.

प्रश्न : मी ट्रान्स मुलगी, वय २३, मूळची चंदगड तालुक्यातली, तीन वर्षं बेळगावात भाड्याने राहते. मला ज्यांनी सांभाळलं त्या आमच्या अम्मा जोगप्पा आहेत, सत्तरीच्या. त्यांना पेन्शन नाही, बसला तिकीट काढावं लागतं, आधारवर जुनंच नाव आणि पुरुष. माझे पण पेपर व्हायचे आहेत. कुठून सुरू करू? (बेळगाव)

अम्मांच्या ट्रंकेपासून सुरू कर. हसू नको, खरंच. आमच्याकडं ज्या जोगप्पा येतात त्यांनी पहिल्यांदा आणलेली पत्र्याची पेटी मी अजून विसरले नाही. वर भंडाऱ्याची पुडी, त्याखाली चौंडक्याची तुटलेली तार जपून ठेवलेली, त्याखाली दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. एक जुनं रेशनकार्ड, एक मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला ज्याच्या घडीवर भोक पडलंय, आणि कुठल्यातरी यात्रेतला फोटो. एवढ्यावरनं आम्ही त्यांचे पेपर उभे केले, सात महिने लागले. अंगठा मशीनवर लागेना, भांडी घासून आणि चौंडकं वाजवून रेघाच राहिल्या नव्हत्या, तर डोळ्याच्या बुबुळावरनं झालं.

क्रम असा. आधी ट्रान्सजेंडर ओळखपत्र, ते २०१९ च्या कायद्याखाली मिळतं, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाईन, देतात जिल्हाधिकारी म्हणजे आपल्याकडं डीसी. ते हातात आलं की आधारवर नाव आणि लिंग बदलणं सोपं जातं, मग बँक, मग बाकीचं. नियम आणि लागणारे कागद मध्येमध्ये बदलतात, त्यामुळं दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीनं काय दिलं होतं त्यावर जाऊ नको, अर्ज भरायच्या आठवड्यात ताजी यादी बघायची. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० वर कायदेशीर मदत फुकट मिळते.

आधार दुरुस्त झालं की बस. कर्नाटकातली शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, सरकारी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास, आणि ट्रान्सजेंडरनाही आहे, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. कंडक्टर कार्ड बघतो, कार्डावर पुरुष दिसलं की तो तरी काय करणार. पेन्शनसाठी नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल ऑफिसात, अर्ज, ट्रान्सजेंडरसाठी मैत्री योजना आहे आणि ६५ च्या पुढच्यांसाठी संध्या सुरक्षा, अम्मांना कुठली बसते ते तिथं कागद बघून ठरतं.

तुझं वेगळं आहे. तुमच्याकडच्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, बाजार इथं, दवाखाना इथं, पण कागद महाराष्ट्राचे. कर्नाटकाच्या योजना तुला पत्ता इकडचा झाल्याशिवाय मिळणार नाहीत. म्हणून आधी ठरव कुठं राहायचंय, घरमालकाकडून भाड्याचा करार लिहून घे, आणि दोन्हीकडं अर्ज टाकून गोंधळ करू नको. इकडचीच व्हायचं ठरलं तर एक गोष्ट डोक्यात ठेव, २०२१ पासून कर्नाटकात सरकारी नोकरीत ट्रान्सजेंडरना १ टक्का आरक्षण आहे, असं करणारं हे पहिलं राज्य. डिग्री अर्धी सोडली असशील तर पुरी कर.

फॉर्म कन्नडात असतात आणि अम्मांना कन्नड बोलता येतं वाचता येत नाही, तुला दोन्ही येत नसेल. आमच्याकडं शनिवारचा एक पोरगा गुरुवारी मुद्दाम येतो आणि म्हाताऱ्यांचे कन्नड फॉर्म मोबाईलवर भरून देतो. बदल्यात त्या जोगप्पा त्याला यल्लम्माची गाणी शिकवतात. सुर लागत नाही त्याचा, पण त्या सोडत नाहीत.

प्रश्न : ही सगळी मुंबई-बंगळूरची फॅडं आहेत. आपल्या भागात असलं कधी नव्हतं. मासिकानं असल्या गोष्टींना जागा देऊ नये. (एक जुना वर्गणीदार)

साहेब, तुम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेला असालच. डोंगरावर साडी नेसलेल्या, डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या, 'उदे गं आई उदे' म्हणत चाललेल्या कुणाच्या पाया पडून आला असाल. त्या कुठल्या मुंबईहून आल्या? ह्याच कर्नाटकातल्या ट्रान्सजेंडर लोककलावंत मंजम्मा जोगती २०१९ मध्ये लोककलांच्या जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नव्हतं असं नाही, होतं. फक्त पौर्णिमेला पाया पडायचं आणि दुसऱ्या दिवशी भाड्यानं खोली द्यायची नाही, एवढं आपलं जुनं आहे. जागा द्यायची की नाही ते संपादक बघतील. वर्गणी मात्र बंद करू नका, पुढच्या अंकात कुंद्याची रेसिपी आहे.

प्रश्न : मी अथणीकडचा, कन्नड माध्यमाच्या शाळेतून रिटायर झालेला शिक्षक. घरी मराठी. ह्या विषयातलं मला काही कळत नाही पण मदत करावीशी वाटते. काय करू शकतो?

सर, विषय कळायची गरज नाही, कन्नड पुरे. गुरुवारी दुपारी तीनला या, चष्मा आणि काळं पेन घेऊन. फॉर्म भरणारा जो पोरगा वर सांगितला त्याची मार्चमध्ये फायनल परीक्षा आहे, आणि तीन पेन्शनचे अर्ज अर्धे पडून आहेत.